बाळ टाकण्याआधी: वऱ्हाडातल्या घरांना काय मिळते?

बाळ उघड्यावर टाकून देणे हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ नुसार सात वर्षांपर्यंत कैद. बाल कल्याण समितीपुढे रीतसर सुपूर्द करणे मात्र गुन्हा नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आईबापांना त्यानंतर फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. ही गोष्ट प्रसूतीच्या वॉर्डातच सांगायला हवी.

पैशाअभावी मूल घराबाहेर जाऊ नये म्हणून खरी कामाची ती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. एक पालक गेलेला, दुर्धर आजार, घटस्फोट अशा घरातल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये. शेतकरी आत्महत्यांच्या अमरावती-अकोल्यात अशी घरे शोधत फिरावे लागत नाही. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे ४,००० रुपये आहेत. उत्पन्नाची अट ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,०००.

विधवा, परित्यक्ता आईसाठी तहसीलमधून संजय गांधी निराधार योजना, महिना १,५००. तिची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,०००, म्हणजे महिन्याला १,७५०! एवढ्यात किराणाही भागत नाही. मुलगी झाल्यास ‘लेक लाडकी’: पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवर जन्मानंतर ५,०००, टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,०००; विचारा अंगणवाडी सेविकेला.

तरीही टाकलेल्या दिव्यांग मुलांना अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बाप म्हणून स्वतःचे नाव दिले. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. अठरा वर्षांनंतरही अशा मुलांच्या आजीवन पुनर्वसनाचा कायदा व्हावा, ही त्यांची जुनी मागणी.