औषधाच्या आधीपासून लपलेली पेशी

चेन्नईच्या जॉर्ज टाउनला लागूनच, सेंट्रल स्टेशनसमोर सरकारी जनरल हॉस्पिटल आहे. तिथली किरणोपचार देणारी बर्नार्ड इन्स्टिट्यूट १९३४ साली सुरू झाली. कर्करोगावर किरण सोडायचे ते त्याच्या पेशींचा डीएनए तोडण्यासाठी; बरीचशी केमोही तेच करते. पण डीएनए तर निरोगी पेशींतही असतो! आपली अस्थिमज्जा रोज सुमारे २०० अब्ज तांबड्या पेशी घडवते. रोज! तिला या उपचारांची झळ लागणारच. म्हणून क्वचित कुणाला पहिला कर्करोग बरा झाल्यावर काही वर्षांनी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, होतो. बहुसंख्य रुग्णांना तो कधीच होत नाही, तेव्हा या भीतीनं कुणी उपचार टाळू नयेत.

थक्क करतं ते पुढचं. कोणतं औषध दिलं होतं, याची खूण गुणसूत्रांवर उरते! सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधांनंतरचा ल्युकेमिया साधारण ५ ते १० वर्षांनी येतो आणि त्यात पुष्कळदा पाचवं किंवा सातवं गुणसूत्र पूर्ण वा अर्धवट गायब असतं. शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७७ मध्येच हे टिपलं होतं. इटोपोसाइडची तऱ्हा वेगळी. पेशीतला दोन मीटर लांब डीएनए गुंतू नये म्हणून एक विकर त्याचे दोन्ही धागे कापतं, गुंता सोडवतं आणि पुन्हा जोडतं. इटोपोसाइड त्याला नेमकं कापल्या क्षणी थिजवतं. मग तुटकी टोकं भलतीकडेच जुळतात, पुष्कळदा अकराव्या गुणसूत्रावरची, आणि ल्युकेमिया १ ते ३ वर्षांतच येतो.

म्हणजे सगळा दोष औषधाचा? अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या संशोधकांनी काही रुग्णांचे केमोच्या आधी जपून ठेवलेले नमुने तपासले. २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये छापलेलं उत्तर चक्रावून टाकणारं होतं: ल्युकेमियात सापडलेला टीपी५३ जनुकातला नेमका तोच बिघाड तिथे आधीच हजर होता, हजारो पेशींत एखाद्या पेशीत! डीएनए तुटला की पेशीला थांबवायचं, नाहीतर मरायला लावायचं, हे या जनुकाचं काम. तेच बिघडलं की पेशी केमोलाही दाद देत नाही. तणनाशकाला न जुमानणारं रोप मोकळ्या झालेल्या रानात फोफावतं, तशी ती मज्जाभर पसरते. केमो कधीच न घेतलेल्या निरोगी वृद्धांतही अशा पेशी सापडल्या.

पुढे काय होणार, हेही जनुकं आणि गुणसूत्रंच सांगतात. टीपी५३ बिघडलेलं असेल तर आयुष्य बहुधा महिन्यांत मोजावं लागतं; मूळपेशींचं प्रत्यारोपणही पुष्कळदा अपुरं पडतं. पण पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली निघाली तर? हाही उपचारांनंतरचाच ल्युकेमिया. मात्र 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं एक औषध आणि जोडीला आर्सेनिक, होय, तोच जहरी सोमल, दिलं की यातले बहुतेक रुग्ण बरे होतात.