मिआटा: टर्बोच्या आधी ब्रेक

माझ्दाची मिआटा १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात आली. दोन सीटा, उघडं छप्पर, १.६ लिटरचं इंजिन, वजन टनाच्या आतबाहेर. अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये पाने घेऊन बसणाऱ्यांची ती लगेच लाडकी झाली.

नवखा मालक आधी टर्बो शोधतो. माझं मत विचाराल, तर सुरुवात ब्रेक ऑइलपासून करावी, खर्चही किरकोळ. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. ताजं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओल धरलेलं मात्र १५५ च्या आसपासही उकळू शकतं. ट्रॅकवर सारखे ब्रेक मारले की कॅलिपर तापतात, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय दिला की तेच दबतात. पेडल थेट तळाला!

ऑइल बदलताना एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने कॅलिपरवरचा ब्लीडर निपल पाव फेरा ढिला करायचा. निपलला लावलेल्या नळीतून आधी कोऱ्या चहासारखं काळपट ऑइल येतं, मग मधासारखं पिवळसर. पेडल सोडण्याआधी निपल आवळायचा, नाहीतर हवा आत शिरलीच. (बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतं.)

मग चांगले टायर, सस्पेन्शन. टर्बोचं त्यानंतर बघू.