शिकार थांबली, तरी राइट व्हेल संकटात

देवमासा या नावात मासा असला, तरी तो पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे. त्याच्या अनेक जातींपैकी उत्तर अटलांटिक महासागरातील ‘राइट व्हेल’ ही जात आज नामशेष होण्याच्या मार्गावर आहे. तिची संख्या ३८० च्या आसपास उरली असून त्यांत प्रजननक्षम माद्या जेमतेम ७० आहेत.

‘राइट’ म्हणजे योग्य, शिकारीस योग्य! हा प्राणी संथ पोहतो, किनाऱ्याजवळ येतो आणि मेल्यावर पाण्यावर तरंगतो, म्हणून शिकाऱ्यांनी त्यास हे नाव दिले, असे सांगतात. १९३५ पासून त्याच्या शिकारीस आंतरराष्ट्रीय बंदी आहे. आज त्याला मारण्याची कोणाची इच्छा नाही, तरीही तो माणसामुळेच मरतो आहे, हे आम्हांस अधिक अस्वस्थ करते.

अमेरिका व कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यालगत जहाजांची वर्दळ मोठी. काळ्या देहाचा, पाठीवर पर नसलेला हा प्राणी जहाजावरून सहसा दिसत नाही. २००३ साली फंडीच्या उपसागरातील जहाजमार्ग बदलण्यात आला. २००८ साली अमेरिकेने ठरावीक क्षेत्रांत व हंगामांत ६५ फूट वा अधिक लांबीच्या जहाजांना १० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे १८.५ किलोमीटरची, वेगमर्यादा घातली. ती लहान नौकांनाही लागू करण्याचा प्रस्ताव मात्र जानेवारी २०२५ मध्ये मागे घेण्यात आला.

समुद्र तापू लागला तसे या देवमाशांचे सूक्ष्म भक्ष्य सरकले आणि त्यामागोमाग ते सेंट लॉरेन्सच्या आखातात गेले. तेथे संरक्षणाचे नियमच नव्हते. २०१७ या एकाच वर्षी दोन्ही देशांत मिळून १७ राइट व्हेल मृत आढळले.

दुसरा घातक शत्रू म्हणजे दोर. खेकडे व लॉब्स्टर पकडण्याचे पिंजरे तळाशी असतात आणि त्यांचा दोर वर तरंगत्या बोयापर्यंत येतो. तोंड उघडे ठेवून पोहणाऱ्या देवमाशाच्या जबड्यात वा परांत तो अडकतो. मग कित्येक महिने ते ओझे ओढत प्राणी खंगतो. मादी वाचली तरी तिची वीण लांबते. पाचांपैकी चारांहून अधिक राइट व्हेलच्या अंगावर दोरांचे वण आढळले आहेत.

यावर उपाय निघाला आहे. दोर पिंजऱ्यासोबत तळाशीच राहतो आणि नौकेवरून ध्वनिसंकेत मिळताच वर येतो. परंतु ही साधने महाग आहेत. मच्छीमारांना खलनायक ठरविणे आम्हांस अन्यायाचे वाटते, कारण त्यांचेही पोट त्याच समुद्रावर आहे. हा खर्च कोणी सोसावा, यावर तेथील सरकारे व मच्छीमार यांच्यातील वाद अद्याप मिटलेला नाही.