प्रिंटर ‘ऑफलाइन’ का होतो?

प्रिंटरचा दिवा हिरवा आहे, ट्रेमध्ये कागद आहे, टाकीत शाई आहे आणि संगणक मात्र ठामपणे सांगतोय, ‘प्रिंटर ऑफलाइन’. मुलीचं हॉलतिकीट असो की शेताचा सातबारा, शेवटी पेनड्राइव्ह खिशात घालून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जावं लागतं. तेही घरात दहा-पंधरा हजारांचा इंक टँक प्रिंटर असताना. अशा वेळी यंत्र बिघडलेलं क्वचितच असतं. संगणक, राउटर, प्रिंटर, तिघेही बहुधा ठणठणीत असतात. त्यांना एकमेकांचा पत्ता सापडत नसतो, इतकंच. तो शोधायला लागण्याआधी काही पक्क्या समजुती सोडाव्या लागतात.

‘नेट गेलंय, आता प्रिंट निघणार नाही’

निघते. वाय-फाय ही घरातल्या उपकरणांना राउटरशी जोडणारी सोय आहे. इंटरनेट राउटरच्या पलीकडे, फायबरच्या केबलमधून सुरू होतं. लॅपटॉपवर साठवलेली फाइल राउटरपर्यंत जाते आणि तिथून प्रिंटरकडे. हा सगळा प्रवास घराच्या चार भिंतींतला. बाहेर रस्ता खोदताना जेसीबीने केबल तोडली तरी त्यात खंड पडायचं कारण नाही. अपवाद दोन. फाइलच मेलमध्ये किंवा क्लाउडवर असेल तर ती आधी उतरवून घ्यावी लागते. आणि शाईचा हिशेब कंपनीच्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या काही योजनांतले प्रिंटर नेटशिवाय अडून बसतात. प्रिंटर विकत घेताना हे विचारून घ्यावं, कारण दुकानदार आपणहून सांगत नाही.

या फरकाचा निदानासाठी फार उपयोग होतो. नेट नाही, पण प्रिंट निघते आहे, तर घरातलं नेटवर्क धडधाकट आहे. फायबरच्या डबीवर ‘एलओएस’ नावाचा लाल दिवा लागला असेल तर केबलमधून प्रकाशच येत नाहीये. मग राउटर कितीही वेळा बंद-चालू करा, नेटवाल्याने येऊन जोड दिल्याशिवाय काही होणार नाही. उलट, व्हिडिओ सुरळीत चालतोय आणि फक्त प्रिंटर गायब आहे, तर नेटवाल्याला फोन लावून त्याचा आणि आपला वेळ घालवू नये. मोबाइलवर वाय-फायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात, त्याही फोन आणि राउटर यांच्यातलाच सिग्नल दाखवतात. राउटरच्या पुढे काय चाललंय याचा त्यांना पत्ता नसतो.

‘काल तर चालत होता’

बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

नेटवर्कमध्ये आलेल्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक आकडी पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.७. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. पत्ता कायमचा नसतो, मुदतीचा असतो. लॉजच्या मॅनेजरसारखं राउटरचं काम चालतं: पाहुणा आला की रिकामी असेल ती खोली. रात्री वीज जाते, पहाटे येते, सगळी उपकरणं एकदम जागी होतात आणि काल सात नंबरवर असलेल्या प्रिंटरला आज बारा नंबर मिळतो. संगणकात मात्र जुना पत्ता नोंदलेला असेल, तर तो सात नंबरचं दार ठोठावतो, तिथून उत्तर येत नाही, आणि तो जाहीर करून मोकळा होतो, ऑफलाइन.

लोक या टप्प्यावर ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात. प्रिंटर परत दिसू लागतो, कारण त्या खटाटोपात संगणकाने नवा पत्ता शोधलेला असतो. श्रेय ड्रायव्हरला मिळतं, आणि पुढच्या वेळी वीज गेली की तोच खेळ पुन्हा.

खरी तपासणी सोपी आहे. प्रिंटरच्याच बटणांवरून किंवा स्क्रीनवरून नेटवर्कची माहिती छापून घ्या. जवळपास सगळ्या वाय-फाय प्रिंटरमध्ये ही सोय असते. त्या कागदावरचा आयपी अ‍ॅड्रेस लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाका. प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं, तर नेटवर्कमध्ये दोष नाही, संगणकातली नोंद शिळी आहे. पान उघडलं नाही, तर दोघांमधला रस्ताच बंद आहे. आणि कागदावरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही म्हणून प्रिंटरने स्वतःच एक ठरवून घेतला आहे. मध्यंतरी कुणी वाय-फायचा पासवर्ड बदलला का, हे घरात विचारा.

कायमचा उपाय राउटरच्या सेटिंगमध्ये असतो. ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ नावाच्या पानावर प्रिंटरचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे कारखान्यातून आलेला त्याचा ओळखक्रमांक, निवडून त्याच्यासाठी एक पत्ता राखून ठेवायचा. मग विंडोजमध्ये प्रिंटर जोडताना नावाने न शोधता ‘टीसीपी/आयपी अ‍ॅड्रेस’ हा पर्याय घेऊन तोच आकडा द्यायचा. दहा मिनिटांचं काम आहे. तरीही प्रिंटर ऑफलाइनच दिसला, तर पोर्टच्या सेटिंगमधली ‘एसएनएमपी स्टेटस’ची खूण काढून पाहावी; प्रिंटरने या चौकशीला उत्तर दिलं नाही की विंडोज जिवंत प्रिंटरलाही ऑफलाइन ठरवतं.

‘दुसरा राउटर लावला, रेंजचा प्रश्न मिटला’

रेंजचा मिटतो, प्रिंटरचा सुरू होतो. फायबरवाल्याने दिलेली डबी बहुतेक घरांत आधीच राउटरचं काम करत असते. आतल्या खोलीत सिग्नल पोचत नाही म्हणून आपण आणखी एक राउटर आणतो आणि डबीतून आलेली केबल त्याच्या ‘वॅन’ लिहिलेल्या खाचेत खोचतो. नेट लागतं, सगळे खूश. प्रत्यक्षात घरात दोन नेटवर्क झालेली असतात. हॉलमधली उपकरणं समजा १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर, आतली १९२.१६८.० वर. दोन्ही राउटरना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला तरी ती वेगळीच राहतात.

फोन किंवा लॅपटॉप प्रिंटर शोधतो तेव्हा तो नेटवर्कमध्ये एक हाक देतो, आणि ती हाक राउटर ओलांडून जात नाही. म्हणून बेडरूममधल्या फोनला हॉलमधला प्रिंटर दिसत नाही. पत्ता हाताने टाकला तर आतून बाहेरच्या प्रिंटरपर्यंत पोचता येतं, पण प्रिंटर आत आणि फोन बाहेर असेल तर तेही जमत नाही. ‘फोन हॉलमध्ये नेला की प्रिंट होतं, आत नेला की नाही’ ही तक्रार ऐकली की आधी घरात राउटर किती आहेत ते मोजावं.

उपाय खर्चाचा नाही. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ऑपरेशन मोड’ शोधून तो ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ करा. मग तो स्वतः पत्ते वाटत नाही, पहिल्याच नेटवर्कची रेंज वाढवतो. पाहुण्यांसाठीचं ‘गेस्ट’ नेटवर्कही मुद्दाम असंच वेगळं ठेवलेलं असतं. त्यावर बसलेल्या फोनला घरातला प्रिंटर दिसला नाही, तर ते त्याचं काम चोख करत आहे.

स्वस्त एक्स्टेंडर घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की तो ज्या लहरींवर ऐकतो त्याच लहरींवर बोलत असेल तर वेग साधारण निम्मा होतो. जुन्या वाड्याच्या जाड दगडी भिंतींपुढे किंवा आरसीसी स्लॅबपुढे केबल ओढून अ‍ॅक्सेस पॉइंट लावण्याइतका खात्रीचा इलाज नाही. आणि मुख्य राउटर आधी टीव्हीच्या मागून, लोखंडी कपाटावरून हलवून पाहावा, कारण त्याला पैसे लागत नाहीत.

‘राउटरवर ५जी दिसतंय, तेच चांगलं’

वाय-फायच्या नावामागे लागलेलं ‘५जी’ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. मोबाइलच्या ५जीशी त्याचं काही नातं नाही. त्याला ५जी फोन लागत नाही की सिमचा प्लॅन. ५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त मिळतो, पण भिंती ओलांडताना तो लवकर दमतो, २.४ वर वेग कमी, पल्ला लांब. घरगुती स्वस्त प्रिंटरांपैकी अनेकांना फक्त २.४ कळतं. तेवढंच बंद करून ठेवलं, तर प्रिंटरला घरचं वाय-फाय दिसणारच नाही. राउटरने दोन्हींना एकच नाव दिलेलं असेल आणि प्रिंटर जोडताना अडचण येत असेल, तर जोडणीपुरतं ५ बंद ठेवावं. एकदा जोडला, की फोन ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला तरी चालतं. राउटर एकच आहे.

२.४ वर गर्दी असते हे मात्र खरं. सोसायटीत शेजारच्या सगळ्यांचे राउटर तिथेच, त्यात मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच लहरींच्या आसपास चालतो. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे नेहमीचे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यांतला मोकळा निवडावा. जुना प्रिंटर नव्या राउटरला जुळत नसेल तर सुरक्षेचा पर्याय पाहावा: फक्त ‘डब्ल्यूपीए३’ ठेवलं असेल तर तो प्रिंटर आत येऊ शकत नाही, २ आणि ३ असा मिश्र पर्याय घ्यावा लागतो.

‘रीसेट केलं की सगळं सुधारतं’

रीस्टार्ट आणि रीसेट यांत गल्लत करून लोक स्वतःचाच खोळंबा करून घेतात. वीज बंद करून पुन्हा चालू करणं निरुपद्रवी. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबणं म्हणजे राउटर कोरा करणं. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड तर जातातच. शिवाय अनेक स्थानिक कंपन्यांच्या जोडणीत पीपीपीओई नावाचं लॉगिन आत भरलेलं असतं, तेही पुसलं जातं. ते आपल्याकडे लिहून ठेवलेलं नसतं. मग रविवारी संध्याकाळी नेटवाल्याची मनधरणी. रीस्टार्ट करताना आधी फायबरची डबी, मग राउटर, तो पूर्ण सुरू झाला की प्रिंटर, असा क्रम ठेवावा.

‘निघत नाही, पुन्हा दाबून बघ’ हेही तितकंच घातक. दाबलेलं प्रत्येक बटण रांगेत जमा होतं आणि पहिली फाइल अडली की बाकीच्या तिच्यामागे उभ्या राहतात. संगणक बंद-चालू केला तरी ही रांग डिस्कवर तशीच राहू शकते. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये ‘प्रिंट स्पूलर’ थांबवून, सिस्टिम३२ मधल्या ‘स्पूल’च्या आतलं ‘प्रिंटर्स’ फोल्डर रिकामं करून तो पुन्हा सुरू केला की सुटका होते. नाहीतर एका हॉलतिकिटाच्या सात प्रती.

वाय-फाय नसलेला प्रिंटर एका संगणकाला यूएसबीने जोडून इतरांना वाटून दिलेला असेल, तर तो संगणक चालू आणि जागा असावा लागतो, आणि विंडोजमध्ये घरचं नेटवर्क ‘प्रायव्हेट’ नोंदलेलं असावं लागतं. २०२१ मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ ही स्पूलरमधली गंभीर त्रुटी उघड झाल्यावर मायक्रोसॉफ्टने नियम कडक केले आणि अनेकांचे असे प्रिंटर ‘११बी’ने संपणारा एरर देऊन बंद पडले. त्यावर सुरक्षेचं अपडेटच काढून टाकण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो मानू नये. दोन्ही संगणक अद्ययावत करून दोन्हीकडे तोच ड्रायव्हर अ‍ॅडमिन खात्यातून टाकावा.

घरून काम करणाऱ्यांची एक वेगळीच गंमत. ऑफिसचा व्हीपीएन चालू केला की काही लॅपटॉपची सगळी वाहतूक ऑफिसकडे वळते आणि शेजारच्या टेबलावरचा प्रिंटर अदृश्य होतो. व्हीपीएन तोडा, प्रिंट काढा, पुन्हा जोडा. घरच्या नेटवर्कला त्यातून सूट देता येते, पण ती सेटिंग ऑफिसच्या आयटीवाल्यांच्या हातात असते, आणि ते सहसा देत नाहीत.