काश्मिरी शालीची फॅशन

काश्मिरी शालीची फॅशन : समाजातील प्रतिष्ठित वर्गाने स्वीकारलेली वेशभूषेची तऱ्हा इतरांनी अनुसरावी आणि ती सर्वसामान्य होताच तिची जागा नव्या तऱ्हेने घ्यावी, या प्रक्रियेस फॅशन असे म्हणतात. एकोणिसाव्या शतकात यूरोपात रूढ झालेली काश्मिरी शाल हे तिचे एक ठळक उदाहरण होय.

लडाखमधील चांगथांग व पश्चिम तिबेट येथील शेळ्यांच्या केसांखालची मऊ लोकर (पश्म) या शालींसाठी वापरीत. सूतकताई स्त्रिया, तर विणकाम पुरुष करीत. ‘कानी’ पद्धतीत प्रत्येक रंगाचे सूत लहान लाकडी कांडीवर गुंडाळून ते नक्षीपुरतेच विणले जाई. त्यामुळे एका शालीस वर्षाहून अधिक काळही लागे. मोगल दरबारात शाल हे पुरुषांचे सन्मानवस्त्र होते. पेशवेकाळात महाराष्ट्रातही शालजोडी देऊन गौरव करीत. ‘शालजोडीतले देणे’ या वाक्प्रचारात त्या प्रघाताची खूण उरली आहे.

यूरोपात मात्र शाल हे प्रामुख्याने स्त्रियांचे वस्त्र बनले. नेपोलियनच्या ईजिप्तमधील मोहिमेवरून (१७९८–१८०१) फ्रेंच अधिकाऱ्यांनी शाली मायदेशी नेल्या. तेथे तलम मलमलीचे झगे प्रचारात असल्याने ऊब व शोभा या दोन्ही दृष्टींनी शाल सोयीची ठरली. सम्राज्ञी जोझेफीनमुळे तिला प्रतिष्ठा लाभली. अँग्रसारख्या चित्रकारांच्या व्यक्तिचित्रांतही ती दिसू लागली.

मूळ शाल फार महाग असल्याने नॉरिच, एडिंबरो व पेझली या शहरांतून आणि फ्रान्समध्ये तिच्या नकला होऊ लागल्या. १८०४ मध्ये सिद्ध झालेल्या जकार मागाच्या प्रसाराने गुंतागुंतीची नक्षी अल्पावधीत विणणे शक्य झाले. शाल मध्यमवर्गाच्या आटोक्यात आली, परंतु त्याबरोबरच तिचे दुर्मिळपणाचे मोलही घटले.

या व्यापाराचा लाभ काश्मीरमधील विणकरांस फारसा मिळाला नाही. शालींवर जबर कर असे व विणकरांस व्यवसाय सोडण्याची मुभा नसे. अनेक जण पंजाबात पळून गेले. २९ एप्रिल १८६५ रोजी श्रीनगरात विणकरांनी काढलेला मोर्चा सैन्याने उधळला. त्यात अनेकांचा बळी गेला. पुढे फ्रान्स-प्रशिया युद्धाने (१८७०–७१) फ्रेंच बाजारपेठ खचली. त्याच सुमारास मागील बाजूस फुगविलेले झगे प्रचारात आले. पाठीवरून सोडलेल्या शालीने त्यांची घडण झाकली जाई. साहजिकच शाल मागे पडली. मागणी ओसरली असतानाच १८७७–७९ च्या दुष्काळात असंख्य विणकर दगावले.

कानी शाली आजही काश्मीरमध्ये अल्प प्रमाणात विणल्या जातात. शालीवरील कोयरीची आकृती मात्र जगभर प्रचलित असून, इंग्रजीत ती काश्मीरच्या नव्हे, तर नकला करणाऱ्या पेझली या स्कॉटिश शहराच्या नावाने ओळखली जाते.