उणे अठरामधला कोरडेपणा

देठ सुकण्याची धास्ती नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला चांगली ठाऊक आहे. मणी टपोरे, गोडी उत्तम, पण देठ तपकिरी पडला की परदेशातला खरेदीदार नाक मुरडतो. म्हणून तोडलेला माल लगोलग प्रीकूलिंगला जातो आणि नंतर शून्य अंशाच्या आसपास, नव्वद टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत ठेवतात. मटार, मका, आंब्याच्या फोडी गोठवणाऱ्यांचं दुखणं याच जातीचं. फरक इतकाच, की तिथं पाण्याचं बर्फ झालेलं असतं आणि तरीही ते उडून जातं.

दिंडोरी तालुक्यात मोहाडीला विलास शिंदे यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी. द्राक्षनिर्यातीवरून ती गोठवलेल्या फळं-भाज्यांकडेही वळली. गोठवलेला माल म्हटला, की उणे १८ अंशांची खोली आली आणि तिच्यासोबत फ्रीझर बर्नही आला. मालावर पांढरट, कोरडे चट्टे उठतात. खाऊन कुणी आजारी पडत नाही. पण चव उतरते, पोत चिवट होतो आणि वजन घटतं. व्यापाऱ्याला शेवटचं सर्वांत जास्त टोचतं.

पाणी जातं कुठं? खोली गार करणाऱ्या यंत्राच्या कॉइलवर. खोली उणे १८ ला ठेवायची तर कॉइल तिच्याहून थंड लागते. उणे १८ ला बर्फाच्या वाफेचा दाब सुमारे १२५ पास्कल असतो, उणे २४ ला जेमतेम ७०. एवढ्या फरकानं मालातली वाफ ओढली जाते आणि कॉइलवर हिम होऊन बसते. त्यातलं काही दारातून शिरलेल्या दमट हवेचं असतं, उरलेलं मालाचं. मोठी कॉइल घेतली तर हा फरक कमी ठेवता येतो. पण ती महाग, आणि कोटेशन घेताना घासाघीस नेमकी तिथंच होते. माझ्या मते ही काटकसर खोटी आहे.

डिफ्रॉस्टचंही तसंच. हीटरनं हिम वितळलं, की पंखा लगेच सुरू करायचा नसतो. आधी कॉइल पुन्हा गार व्हावी लागते, नाहीतर उबदार ओली हवा थेट मालावर जाते. तापमान असं वरखाली होत राहिलं, की बर्फ उडणं आणि पुन्हा जमणं चालूच राहतं. दाराला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावतात, तो याचसाठी. हमाल मात्र ये-जा सोपी व्हावी म्हणून पट्ट्या वर गुंडाळून ठेवतात!

वाऱ्याचा तर विरोधाभासच. सुटा दाणा गोठवताना जोरदार गार वारा हवाच. काही मिनिटांत काम उरकतं. साठवणीत तोच वारा उघड्या मालावर आला, की तो सुकलाच. म्हणून थप्प्या पंख्याच्या अगदी तोंडाशी लावायच्या नाहीत, भिंतीपासून अंतर सोडायचं, फुटलेली खोकी आधी बाजूला काढायची.

शेवटची भिस्त वेष्टनावर. मासळीवाले माशावर पाण्याचा पातळ बर्फाळ थर चढवतात. आधी तो थर उडतो, मासा वाचतो. मटाराला जाड, हवा कमी ठेवलेली पिशवी लागते. पिशवीत बर्फाचा भुगा साचलेला दिसला, तर ते पाणी बहुधा त्याच दाण्यांतून निघालेलं असतं.