मधे फक्त तेल

ताक घुसळताना पातेलं धरून ठेवावं लागतं. रवी पातेल्याला टेकत नाही, तरी हात सुटला की पातेलं फिरायला लागतं. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्या नेमक्या अशाच चालतात. त्यांच्या इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा तेलाने भरलेला बंद डबा असतो. त्यातला एक पंखा इंजिनाबरोबर फिरून समोरच्या पंख्यावर तेल फेकतो, आणि तेवढ्यावर टनभर वजनाची गाडी जागची हलते! हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. वाफेची टर्बाइन फार वेगात फिरायची, जहाजाच्या पंख्याला मात्र संथ गती हवी असायची.

मला सगळ्यात थक्क करतो तो मधला तिसरा पंखा, स्टेटर. परतणाऱ्या तेलाला तो असं वळवतो की गाडी उठताना जोर जवळपास दुप्पट होतो. तो एकाच दिशेने फिरू शकतो, उलटा फिरू नये म्हणून त्याला आतून एक पकड असते. जुन्या गाडीत ही पकड सुटली, तर सिग्नलवरून गाडी जड उठते, पण एकदा वेग घेतला की छान पळते. तोच स्टेटर जाम झाला, तर सगळं उलट: गाडी झोकात उठते, हायवेवर मात्र दमते आणि तेल तापतं. भाग एकच, पण दुखणी दोन टोकांची. डबा न उघडता, नुसतं चालवून ती ओळखता येतात.

दुसरी खूण साठ ते ऐंशीच्या वेगात सापडते. एका लयीत चालताना डब्यातली लॉक-अप क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडते. ती घसरू लागली की सपाट रस्त्यावरही गाडी बारीक गतिरोधकांवरून गेल्यासारखी थरथरते. अशा वेळी मोकळ्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर तसाच ठेवून ब्रेकला डाव्या पायाने हलका स्पर्श करावा. बहुतेक गाड्यांत तेवढ्याने लॉक सुटतं, आरपीएमचा काटा किंचित वर सरकतो. त्याच क्षणी थरथर थांबली, तर दोष बहुधा तिथेच.

आणि तेल! गिअरबॉक्सला डिपस्टिक असेल तर एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून बघा. नितळ लाल असेल तर ठीक. तपकिरी आणि करपट वासाचं असेल, तर आतल्या क्लच प्लेट जळताहेत. दुधाळ गुलाबी दिसलं, तर रेडिएटरमधलं पाणी तेलात शिरलंय. मग गाडी तिथेच उभी करा.

गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी एवढं जरूर तपासा. नुसती थरथर असेल, तर कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं नवं तेल भरल्यावर ती कित्येकदा थांबते.